वाचकांचे प्रश्न : नवा गेम कन्सोल घरी आल्यानंतरचे पहिले दिवस

दसरा-दिवाळीच्या खरेदीनंतर इंदुरातील अनेक मराठी घरांतून या सदराकडे आलेली पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. कन्सोल घरात आला, डबा उघडला, आणि अपेक्षेप्रमाणे आनंद होण्याऐवजी मनात शंका उभ्या राहिल्या. या शंकांपैकी फारच थोड्या यंत्राच्या दोषाशी संबंधित आहेत. उरलेल्या बहुतेक घरातील टीव्ही, वीज, इंटरनेट आणि यंत्र ठेवण्याची जागा यांच्याशी निगडित आहेत, आणि त्या तेथेच सुटतात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : धनत्रयोदशीला आम्ही प्लेस्टेशन ५ चे डिस्क-ड्राइव्ह असलेले स्लिम मॉडेल घेतले. सायंकाळी मुले आणि भाचे समोर बसले होते. परंतु जोडणी, अपडेट आणि गेमचे डाउनलोड यांतच रात्र झाली. डिस्क घातली तरी गेम लगेच सुरू झाला नाही. शिवाय १ टीबी लिहिलेले असताना तेवढी जागा दिसत नाही. यंत्रात दोष आहे काय? (एक पालक, सुदामा नगर)

उत्तर : आपण वर्णन केलेल्या गोष्टींत दोष कोठेही दिसत नाही. मुलांचा हिरमोड मात्र खरा आहे, आणि तो टाळता येण्यासारखा होता असे आम्हाला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आजच्या कन्सोलवर गेम डिस्कवरून थेट चालत नाही. डिस्कमधील माहिती आधी यंत्राच्या आतील एसएसडीवर (साठवणुकीच्या भागावर) उतरवली जाते, आणि त्यानंतर डिस्क केवळ आपण तिचे मालक आहात याचा पुरावा म्हणून ड्राइव्हमध्ये ठेवावी लागते. डिस्क तयार झाल्यानंतर कंपनीने केलेल्या दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरतात, आणि काही गेमच्या बाबतीत त्या दुरुस्त्याच कित्येक जीबींच्या असतात. त्याखेरीज कन्सोलची स्वतःची प्रणाली अद्ययावत व्हावी लागते, कंट्रोलरलाही वेगळे अपडेट घ्यावे लागते. स्लिम मॉडेलमध्ये डिस्क-ड्राइव्ह सुटा होणारा असल्यामुळे पहिल्या जोडणीच्या वेळी त्याची नोंदणीही इंटरनेटवरून होते. थोडक्यात, इंटरनेटशिवाय हे यंत्र पहिल्या दिवशी पूर्णपणे वापरता येत नाही, ही गोष्ट दुकानदाराने विक्रीच्या वेळीच सांगायला हवी.

डाउनलोडला किती वेळ लागणार याचा हिशेब आधी करता येतो. १०० जीबींचा गेम ५० एमबीपीएसच्या जोडणीवर, वेग अखंड मिळाला असे धरले तरी, सुमारे साडेचार तास घेतो. १०० एमबीपीएसवर त्याला सव्वादोन तास पुरतात. राउटर पुढच्या खोलीत आणि कन्सोल दोन भिंती पलीकडे असेल तर पैसे भरलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही. शक्य असेल तर पहिल्या दिवसापुरती तरी राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची वायर टाकावी. ते जमत नसेल तर वाय-फायच्या यादीत ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे. मात्र ते जवळच्या अंतरावरच चांगले चालते, जाड भिंतींच्या जुन्या घरात २.४ गिगाहर्ट्झच अधिक टिकून राहते. ज्यांच्याकडे केवळ मोबाइलचे इंटरनेट आहे, त्यांना प्रणालीचे अपडेट दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर उतरवून पेन-ड्राइव्हने देता येते. त्यासाठी पेन-ड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅट स्वरूपात असावा लागतो आणि फाइल कंपनीने सांगितलेल्या नावाच्या फोल्डरमध्येच ठेवावी लागते.

आमची आग्रहाची सूचना अशी की, ज्या दिवशी मुलांच्या हातात कंट्रोलर द्यायचा त्याच्या आदल्या रात्री मोठ्यांनी डबा उघडावा, खाते तयार करावे, अपडेट पूर्ण करावे आणि एक गेम उतरवण्यास लावून झोपावे. मुहूर्तावर पूजा करावयाची असेल तर यंत्र सुरू होऊन तयार असताना करावी. त्यात काही कमी पडत नाही. आपल्या मुलांना मात्र आजही दाखवता येईल अशी एक गोष्ट यंत्रात आधीपासून आहे. ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा छोटा गेम प्लेस्टेशन ५ मध्ये भरूनच येतो. कंट्रोलरची नव्या प्रकारची थरथर, ताण देणारे ट्रिगर, आतला मायक्रोफोन आणि स्पर्शपट्टी यांची ओळख करून देण्यासाठीच तो बनवला आहे. वाळू, बर्फ आणि काच यांवरून चालताना हाताला जाणवणारा फरक पाहिला की या कंट्रोलरविषयी एवढे का लिहिले गेले ते समजते. पहिल्या आठवड्यात घरातील प्रत्येकाने, आजी-आजोबांनीसुद्धा, तो एकदा हातात घ्यावा असे आम्ही मनापासून सुचवतो.

जागेविषयी : यंत्राची प्रणाली आणि तिच्यासाठी राखून ठेवलेला भाग वजा झाल्यावरच शिल्लक दिसते. २०२० च्या मूळ मॉडेलवर ८२५ जीबी लिहिलेले असे आणि गेमसाठी ६६७ जीबी मिळत. स्लिममध्ये १ टीबी असल्याने त्याहून अधिक मिळते. जागा भरली म्हणून लगेच खर्च करू नये. खेळून झालेला गेम पुसला तरी तो आपल्या नावावर राहतो आणि पुन्हा उतरवता येतो, डिस्क असेल तर त्याचा बराचसा भाग डाउनलोडही करावा लागत नाही. पुढे खरोखर गरज भासली तर एम.२ प्रकारची एसएसडी उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीसह (हीटसिंकसह) आत बसवता येते. साध्या बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे गेम ठेवता येतात, पण तेथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे मात्र तेथूनच चालतात.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचे सागवानी शोकेस आहे. सूनबाईंना कन्सोल त्यात ठेवायचा आहे, म्हणजे धूळ बसणार नाही. नातू म्हणतो की यंत्र तापेल. कोणाचे ऐकावे? (एक आजी, रामबाग)

उत्तर : नातवाचे. धुळीची काळजी योग्य असली तरी बंद काचेआड यंत्राला लागणारी हवाच मिळत नाही. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर ठेवावे असे सोनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, आणि खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस असावे असेही तेथे नमूद आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी वरच्या मजल्यावरील खोली ३५ अंशांत राहत नाही. अशा वेळी दुपारचे खेळणे थांबवून सायंकाळी सुरू करणे हाच उपाय आहे. कूलरच्या थेट झोतात कन्सोल ठेवून तो थंड करण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये, कारण त्या हवेबरोबर ओलावाही आत जातो.

शोकेसचे दार काढून टाकता येत असेल आणि मागची फळी उघडी असेल तर ती जागा चालेल. नाही तर टीव्हीखालच्या उघड्या टेबलावर, गालिचा किंवा विणलेले कापड न अंथरता, यंत्र ठेवावे. स्लिम मॉडेलबरोबर आडवे ठेवण्यासाठी दोन छोटे पारदर्शक पाय येतात. ते पॅकिंगमध्ये राहून जातात आणि पुठ्ठ्याबरोबर फेकले जातात, म्हणून डबा टाकण्यापूर्वी नीट पाहावा. उभे ठेवण्याचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. त्याशिवाय यंत्र उभे करू नये, विशेषतः घरात रांगणारे मूल असेल तर. मूळ मॉडेल ४.५ किलोचे होते आणि स्लिम ३.२ किलोचे आहे, पण पडल्यावर दोघांचेही नुकसान सारखेच.

धुळीसाठी आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ कापडाने बाहेरच्या फटी पुसाव्यात. वापर नसताना कापड झाकले तरी चालेल, मात्र चालू करण्यापूर्वी ते काढल्याची खात्री हवी. राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना : रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळणाऱ्या मिरवणुकीच्या) दिवशी गुलाल खिडक्यांतून घरात येतो, आणि इतकी बारीक पूड पंख्याने एकदा आत ओढली की ती घरच्या घरी निघत नाही. त्या दिवशी यंत्र वायरी काढून कपाटात ठेवावे.

प्रश्न : टीव्ही फोर-के आहे, कन्सोल नवा आहे, तरीही चित्र फिके दिसते आणि बटण दाबल्यानंतर क्षणभराने खेळाडू हलतो. टीव्ही बदलावा काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, टिळक नगर)

उत्तर : बदलू नये. आपल्या दोन्ही तक्रारी बहुधा टीव्हीच्या सेटिंगमुळे आहेत. आजचे टीव्ही चित्रपट आणि मालिकांसाठी चित्रावर स्वतःहून बरीच प्रक्रिया करतात, हालचाल गुळगुळीत करतात, चित्रातील बारीक कण काढून टाकतात. आणि या प्रक्रियेला जो वेळ लागतो तोच आपल्याला बटण दाबल्यानंतरचा उशीर म्हणून जाणवतो. टीव्हीच्या मेनूत गेम मोड सुरू केला की ही प्रक्रिया कमी होते आणि हाताला फरक तत्काळ कळतो. काही टीव्ही कन्सोल ओळखून हा मोड आपोआप लावतात, पण सर्वच नाहीत.

फिकेपणाचे कारण निराळे आहे. पुष्कळ टीव्हींमध्ये एचडीएमआयच्या प्रत्येक जोडणीसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा तत्सम नावाची निवड असते आणि ती कारखान्यातून बंद येते. ती बंद असेपर्यंत फोर-के ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रे) आणि एचडीआर (उजळ व काळोखे भाग अधिक ठळक दाखवणारी पद्धत) यांचा पूर्ण लाभ मिळत नाही. ज्या क्रमांकाच्या पोर्टला कन्सोल जोडला आहे त्याच पोर्टसाठी ती चालू करावी, त्यानंतर कन्सोलच्या स्क्रीन विभागात जाऊन एचडीआरची जुळवणी पुन्हा करावी. चिन्ह जेमतेम दिसेल इतपत उजेड कमी-जास्त करायला सांगणारे हे पडदे घाईने पुढे ढकलले जातात, आणि नंतर महिनोन्‌महिने काळोखे किंवा पांढुरके चित्र पाहिले जाते. ही जुळवणी रात्री, खोलीत नेहमी असतो तेवढाच उजेड ठेवून करावी. स्वस्त टीव्हींवर एचडीआर लिहिलेले असले तरी पडद्याची उजळण्याची क्षमता मर्यादित असते. अशा टीव्हीवर एचडीआर बंद ठेवून चित्र अधिक चांगले दिसत असेल तर निःशंकपणे बंद ठेवावे.

डब्यात आलेलीच एचडीएमआय वायर वापरावी. जुन्या सेट-टॉप बॉक्सची नको. १२० हर्ट्झविषयी आपण लिहिलेले नाही, पण दुकानात त्याचा बराच गाजावाजा होतो म्हणून सांगतो की बहुतेक गेम ३० किंवा ६० फ्रेमवरच चालतात आणि ६० हर्ट्झचा टीव्ही आपल्याला पुरेसा आहे. गेमच्या स्वतःच्या मेनूत चित्राची स्पष्टता की हालचालीचा वेग अशी निवड दिलेली असते. आमचा कौल वेगाच्या बाजूने आहे.

प्रश्न : रात्री कन्सोल रेस्ट मोडवर (अर्धवट चालू स्थितीत) ठेवला असताना वीज गेली. सकाळी ‘यंत्र नीट बंद केले नव्हते’ असा संदेश आला. काही बिघडले असेल काय? घरात इन्व्हर्टर आहे. (एक वाचक, लोकमान्य नगर)

उत्तर : एखाद्या वेळी असे झाल्याने सहसा काही बिघडत नाही, यंत्र स्वतःची तपासणी करते आणि पुढे चालते. गेम जतन होत असताना किंवा अपडेट चालू असताना वीज जाणे मात्र अधिक त्रासाचे ठरू शकते. आपल्या इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण आहे का ते पाहावे. ‘नॉर्मल’वर असताना वीज गेल्यानंतर बॅटरीवर जाण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात कन्सोल बंद पडतो, ‘यूपीएस’वर हा बदल पुष्कळच जलद होतो. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल तर कन्सोल त्यावर चालवू नये.

फोर-के गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट घेते, मोठा टीव्ही आणखी १०० च्या आसपास. ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंत भार घेतो, तेव्हा गेम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतकी मिनिटे त्यातून मिळतात. त्यावर खेळत बसण्याची अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यात विजा चमकत असताना रेस्ट मोड न ठेवता यंत्र पूर्ण बंद करावे, दिवा विझल्यावर प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढावीत.

पुढे कधी यंत्र अडखळू लागले तर ते पूर्ण बंद करून सुरू करण्याचे बटण दुसरी ‘बीप’ ऐकू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सात सेकंद, दाबून धरावे. सेफ मोडचा, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांचा, पडदा येतो. कंट्रोलर तेथे वायरनेच चालतो. डेटाबेस पुन्हा बांधण्याच्या पर्यायाने गेम किंवा जतन केलेला खेळ पुसला जात नाही. त्याखालचे ‘रीसेट’चे पर्याय मात्र समजल्याशिवाय निवडू नयेत.

प्रश्न : कमी खर्चात एक्सबॉक्स सिरीज एस घेतला. डिस्क कोठे घालावी ते सापडत नाही आणि कंट्रोलरला चार्जिंग होत नाही. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : सिरीज एसमध्ये डिस्क-ड्राइव्ह नाही आणि तो वेगळा जोडताही येत नाही, सर्व गेम डाउनलोडच करावे लागतात. कंट्रोलर दोन एए सेलवर चालतो. पुन्हा चार्ज होणारे चांगले सेल आणि त्यांचा चार्जर एकदाच घ्यावा, वर्षभराचा खर्च वाचतो. ५१२ जीबींपैकी गेमसाठी सुमारे ३६४ जीबी मिळतात, त्यामुळे मोठे तीन-चार गेम बसले की जागा संपते. या यंत्राची ‘क्विक रिझ्यूम’ ही सोय आम्हाला विशेष आवडते : अर्धवट सोडलेले अनेक गेम जेथे थांबले तेथूनच पुन्हा उघडतात. जेवायला हाक आल्यावर उठणे त्यामुळे सोपे होते.

प्रश्न : माझे दीर जपानमध्ये असतात. ते निन्टेंडो स्विच २ आणणार आहेत. तेथे तो स्वस्त मिळतो म्हणे. आणावा काय? (एक वाचक, वैशाली नगर)

उत्तर : त्यांना आजच फोन करून कोणते मॉडेल घेणार ते विचारावे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या, स्वतःचाच पडदा असलेल्या या यंत्राचे जपानमध्ये दोन प्रकार आहेत. बाजारात आला तेव्हा ४९,९८० येनला असलेला स्वस्त प्रकार केवळ जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपान हा देश असलेलेच खाते जोडता येते. घरात जपानी वाचणारे कोणी नसेल तर तो निरुपयोगी आहे. अनेक भाषांचा प्रकारच मागवावा.

निन्टेंडोने हे यंत्र भारतात अधिकृतपणे विक्रीस आणलेले नाही, म्हणून बिघाड झाल्यास ते खरेदीच्या देशात पाठवण्याची तयारी ठेवावी लागेल. बिल दिरांनी जपून ठेवावे. आल्यावर ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे याची खात्री करावी आणि पिनसाठी साधा कन्व्हर्टर वापरावा. पडद्यावर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म लावलेली असते. नव्या मोबाइलवरचे प्लास्टिक सोलावे तशी ती सोलून काढण्याचा मोह होतो, पण पडदा फुटल्यास काचा उडू नयेत म्हणून ती आहे, काढू नये. संरक्षक काच लावायची असेल तर तिच्यावरूनच लावावी.

जुन्या स्विचचे मेमरी कार्ड गेम साठवण्यास येथे चालणार नाही, त्यासाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचेच कार्ड लागते. काही गेमची कार्डे ‘गेम-की’ प्रकारची असतात. त्यांत गेम नसून केवळ डाउनलोडची परवानगी असते, आणि ते वेष्टनावर लिहिलेले असते. जुन्या स्विचचे बहुतेक गेम मात्र चालतात. चुंबकाने बसणारे दोन्ही कंट्रोलर आणि ७.९ इंचांचा पडदा हाताळताना हे यंत्र फार सुखद वाटते. घरात टीव्हीवर मालिका चालू असताना नातवंडांनी कोपऱ्यात बसून खेळावे अशी सोय दुसऱ्या दोघांत नाही. बॅटरी गेमनुसार दोन ते साडेसहा तास चालते. एवढी खटपट मान्य असेल तर जरूर आणावे.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याने वडिलांच्या खात्यावरच खेळावे की वेगळे खाते काढावे? अनोळखी लोक त्याच्याशी बोलतील अशी भीती वाटते. (एक आई, इंदूर)

उत्तर : वेगळे खाते काढावे, आणि त्यात जन्मतारीख खरीच लिहावी. वडिलांचे वय सांगणाऱ्या खात्यावर मूल खेळते तेव्हा सर्व बंधने निघून जातात आणि जोडलेले कार्डही त्याच्या हाती येते. पालकाने आधी स्वतःचे खाते काढावे, देश भारत निवडावा, कारण प्लेस्टेशनच्या खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. त्यानंतर त्याच्या खाली मुलाचे खाते जोडावे. गेम नेहमी पालकाच्या खात्यावर विकत घ्यावेत. ‘कन्सोल शेअरिंग’ चालू असेल तर त्या यंत्रावर मुलाला तेच गेम स्वतःच्या खात्यावरून खेळता येतात. एक्सबॉक्सवर ‘होम एक्सबॉक्स’ निवडून हेच साधते. खर्चाची मर्यादा शून्य ठेवावी, रोजचा वेळ ठरवून द्यावा, अनोळखींशी बोलणे आणि संदेश बंद करावेत. हे सर्व मोबाइलवरूनही करता येते.

वेष्टनावर ३, ७, १२, १६ किंवा १८ हा आकडा असेल तर तो कौशल्याचा नसून वयाचा आहे. दुकानात ‘सगळीच मुले हा खेळतात’ असे सांगून १८ चा गेम दहा वर्षांच्या मुलासाठी दिला जातो, ते स्वीकारू नये. आपली भीती रास्त आहे, आणि तिच्यासाठी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी : प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन आहे, हेडफोन नसतानाही घरातील बोलणे ऑनलाइन खेळणाऱ्या इतरांना ऐकू जाऊ शकते. मधल्या प्लेस्टेशन बटणाखालचे छोटे बटण दाबले की नारिंगी दिवा लागतो आणि मायक्रोफोन बंद होतो. यंत्र सुरू होताना तो बंदच असावा असेही सेटिंगमध्ये ठरवता येते. ते आजच करून ठेवावे.

प्रश्न : प्लेस्टेशन ४ विकावे काय? त्याचे कंट्रोलर नव्यावर चालतात का? (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : जुने कंट्रोलर नव्या यंत्रावर केवळ प्लेस्टेशन ४ च्या गेमसाठी चालतात. ते गेम मात्र जवळजवळ सर्व चालतात, पण डिस्क असतील तर नव्या यंत्राला ड्राइव्ह हवा. विकण्यापूर्वी दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडून जतन केलेला खेळ नव्यावर घ्यावा, एकदा उघडून तपासावा, आणि त्यानंतरच जुने यंत्र आपल्या खात्यावरून काढून पूर्ण पुसावे.